यादीत नसलेले देव

उंबरमाळी, ता. शहापूर
३ जुलै २०२५

ती. बाईजाकाकींना भगीरथचा वाकून नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी मंगळू निचिते यांचा मुलगा. तुमचे सासरे धाऊआजोबा आणि माझे आजोबा नवशा हे सख्खे भाऊ. नातं इतकं जवळचं, आणि तरी एकोणपन्नास वर्षांत मी तुमच्या म्हशाच्या घराचा उंबरठा पाहिलेला नाही. शामदादांचा फोन नंबर मिळाला होता. पण तुम्हाला ऐकायला कमी येतं असं कळलं, आणि आमच्या घरात बाबांची खाट मधल्या खोलीतच आहे. त्यांच्यादेखत हा विषय फोनवर काढता येत नाही. म्हणून पत्र.

मी रेल्वेत रुळांच्या देखभालीच्या कामावर आहे. दहावीपर्यंत शिकलो. लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या.

नवशाआजोबांचं गवताच्या धंद्यात दिवाळं निघालं, त्यांनी कोर्टात नादारीचा अर्ज केला, आणि त्याच वेळी घरातले देवांचे पाच चांदीचे टाकही विकले, असं आम्ही ऐकत आलो. बाबांना लहानपणी 'देवविक्याचा मंगळू' म्हणत. त्यांचं लग्न एकोणचाळिसाव्या वर्षी झालं. मुलीकडचे लोक यायचे, देव्हाऱ्यात टाकांच्या जागी पाच सुपाऱ्या बघायचे आणि चहा न घेता उठायचे. त्या सुपाऱ्या ठमीआजीने मांडलेल्या. अजून त्याच आहेत.

दर पितृपंधरवड्यात बाबा एकच पान वाढतात, आईचं. बापाचं वाढत नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ज्यानं देव इकून खाल्ले त्याला मी काय वाढू? त्याचं पोट भरलेलं हाय."

बाबांना नव्वदावं सुरू आहे. शिमग्यापासून ते अंथरुणावर आहेत. मागच्या महिन्यात एका दुपारी आपणहून म्हणाले, "भगी, खरंच इकले असतील का रं? कोर्टात सगळं लिवून ठेवतात ना? तू बघ. इकले नसतील तर या साली त्याचं पान मी माझ्या हातानं वाढीन. मग मी जायला मोकळा."

काम इतकंच आहे, काकी. जुन्या खटल्यांचे कागद ठाण्याला आहेत असं समजलं. पण साल माहीत नसेल तर शोधणार काय? धाऊआजोबांकडून तुम्ही काही ऐकलं असेल तर कळवा. साल, आणि त्या देवांचं पुढे काय झालं ते. पितृपंधरवडा आठ सप्टेंबरला सुरू होतो.

तुमचा,
भगीरथ


म्हसा, ता. मुरबाड
१९ जुलै २०२५

चि. भगीरथला काकीचा आशीर्वाद.

(लिहिणारी मी रुपाली, शाम यांची बायको. सासूबाई सांगतात तसंच लिहिते आहे.)

तुझं पत्र आलं. लावणी चालू हाय, म्हणून उशीर झाला. पयलं हे सांग, एवढ्या वर्सांत एकदा पण जत्रेला आला नाय का रं? सगळी दुनिया येते म्हशाला, बैल बघायला, घोंगड्या घ्यायला, नि आमचा पुतण्या तिकडं रूळ मोजत बसतो. (हे लिहू नको म्हणाल्या. पण मी लिहिलं.)

साल मला ठावं नाय. खूण सांगते. ज्या साली जत्रेत पाऊस पडला ते साल. पौषात, थंडीत. मामंजी सांगायचे, तीन दिवस पडला, बैल चिखलात उभे, हलवायांच्या भट्ट्या विझल्या. तवा नवशा मामंजींच्या गवताच्या गाठी आसनगावच्या वखारीत उघड्यावर पडलेल्या. मुंबईच्या तबेलेवाल्यांकडून इसार घेतलेला, रेल्वेचे डब्बे मिळत नव्हते म्हणून माल थांबलेला. गवत आतून तापलं नि काळं पडलं. म्हशी तोंड लावीनात. त्याच्यानंतर दोन वर्सांनी तुझे काका जल्मले, ते अडतीस साली. म्हंजे छत्तीस धर.

देवांचं मला काय ठावं नाय. मी लगीन होऊन आले तवा ते सगळं होऊन गेलेलं. लोकांचं तोंड कोणी धरलंय? मंगळू भावोजींना सांग, मेलेल्या माणसावर राग नाय धरायचा. कागद बघत बसू नका. पान वाढा नि मोकळे व्हा.

काकी

ता. क. भाऊजी, तुमचं पत्र सासूबाईंनी मला तीनदा वाचायला लावलं. त्या चौथी शिकल्या आहेत, मोठं अक्षर असलं तर चष्म्याने स्वतः वाचतात. पुढचं पत्र मोठ्या अक्षरात लिहा. मी दिवसभर अंगणवाडीत असते. — रुपाली


उंबरमाळी
१० ऑगस्ट २०२५

ती. काकी,

या वेळी अक्षर मोठं काढलं आहे.

तुमची पावसाची खूण बरोबर निघाली. तीन रजा गेल्या. पहिल्या दिवशी अर्ज, दुसऱ्या दिवशी नुसत्या नोंदवह्या. पाटाएवढी एकेक वही, कसरीने खाल्लेली. तिसऱ्या दिवशी दुपारी बोट एका ओळीवर थांबलं. 'सन १९३६, नादारीचा अर्ज, नवशा बाळू निचिते, धंदा गवत.' आजोबांचं नाव लिहिलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. आमच्या घरात त्यांचा फोटो नाही, भांड्यावर नाव नाही, काही नाही. तिथल्या बाईंनी विचारलं, "सापडलं का?" मी मान हलवली.

कागदांचं बासन मोठं आहे. त्यातली जप्तीची यादी बाळबोध मराठीत आहे, ती मी उतरवून आणली आणि बाबांना वाचून दाखवली. गवत दाबायचं लाकडी यंत्र एक, मोडकं. बैल दोन, पैकी एक एका डोळ्याने आंधळा. गाठी सहाशे, कुजक्या, किंमत नाही. तांब्याचा हंडा, पोचा पडलेला. घोंगड्या तीन. आणि मग, 'पाळणा लाकडी एक, मूल आत असल्याने सोडला.' इथे बाबा म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. "तो मी," म्हणाले, आणि हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

काकी, यादीत देव नाहीत. सगळ्या चीजवस्तू आहेत, मोडकं उखळसुद्धा आहे, देव नाहीत. म्हणजे जप्तीवाले यायच्या आधीच ते घरातून गेले होते. विकले असतील. पण कोणाकडे ठेवायलाही दिले असतील ना? मला तरी तसं वाटू लागलं आहे. तुमच्या गावात त्या काळी त्यांचा भरवशाचा माणूस कोण होता, काही सांगता येईल का?

आजोबांचा जबाब मोडीत आहे आणि निकाल इंग्रजीत. दोन्हींच्या नकला मागितल्या आहेत. शहापूरला कमळाकर दामले म्हणून कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार आहेत, ते वाचून देणार आहेत. बाबा रोज विचारतात, "आल्या का नकला?" जेवण थोडं वाढलं आहे.

भगीरथ


म्हसा
२४ ऑगस्ट २०२५

चि. भगीरथ,

पत्र पोचलं. अक्षर चांगलं हाय.

भरवशाचा माणूस कोण होता ते आता कोणाला ठावं? ती पिढी गेली. तुला एकदा सांगितलं, कागदात जीव नको घालू. कागद काय आपलं माणूस नाय. कोर्टातला कागद कोर्टासाठी लिवलेला असतो. तू बापाला सांग की काय सापडलं नाय, नि पान वाढायला लाव. एवढं पाप मी माझ्या डोक्यावर घेते.

भावोजींना नाचणीची पेज देत जा, पातळ.

काकी

ता. क. भाऊजी, मागचं पत्र आल्यापासून सासूबाईंचं काहीतरी बिनसलं आहे. देव्हाऱ्यासमोर बसून राहतात. देव घासायला मला हात लावू देत नाहीत, स्वतः घासतात. गुडघे दुखतात तरी. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुझं काम कर गो." तुम्ही वेगळं काही लिहिलं असेल तर माहीत नाही, एरवी मीच तर वाचते सगळं. गणपतीची गडबड आहे, म्हणून थांबते. — रुपाली


उंबरमाळी
३ सप्टेंबर २०२५

ती. काकी,

तुमचं ऐकायला हवं होतं.

नकला आल्या. कमळाकरभाऊंनी परवा त्यांच्या ओटीवर बसून वाचल्या. आजोबांना शपथेवर विचारलेलं आहे. सावकाराच्या वकिलाचे प्रश्न आणि आजोबांची उत्तरं. मी लिहून घेतली तशी देतो.

घरात देवांचे चांदीचे टाक होते काय? होते, पाच.
ते कोठे आहेत? विकले.
कोणास विकले? आठवत नाही.
पैशाचे काय केले? खाल्ले.

खाली सही आहे. नवशा बाळू. प्रत्येक अक्षर वेगळं, लहान मुलाने काढल्यासारखं.

निकालातलं त्याहून वाईट आहे. न्यायाधीशांनी लिहिलं आहे की घरातले पूजेचे देव लिलावात घेण्याची पद्धत नाही. या माणसाने ते दाखवले असते तर त्याचे त्याला तसेच परत मिळाले असते. परंतु ते विकून त्याने पैसा दडवला, सबब नादारीची सूट नाही, आणि सहा महिने कैद. कमळाकरभाऊ वाचता वाचता थांबले. म्हणाले, "अहो, देव विकायची गरजच नव्हती यांना." शेवटच्या कागदावर तुरुंगाचा शेरा आहे. २९ सप्टेंबर १९३७ रोजी तापाने मयत. गुरुजींकडून तिथी काढून घेतली. भाद्रपद वद्य दशमी. पंधरवड्यातच गेले आजोबा. आम्हाला तिथीसुद्धा माहीत नव्हती.

मला बाबांशी खोटं बोलता आलं असतं. त्यांना कागद वाचता येत नाही. तुम्ही तर पापही डोक्यावर घ्यायला तयार होतात. पण ज्याने एवढी वर्षं वाट पाहिली त्याला मी मनातलं बनवून कसं सांगू? विठोबाच्या तसबिरीखाली बसून मी जसंच्या तसं वाचलं.

बाबा म्हणाले, "खाल्ले म्हणाला?"

"हो."

"बरं. म्हंजे लोक खोटं नव्हते बोलत."

मग मला कूस बदलून द्यायला सांगितली. भिंतीकडे. तेव्हापासून पेजेशिवाय काही घेत नाहीत. पानाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही.

तुम्हाला इतके दिवस त्रास दिला. आता लिहिणार नाही. शामदादा, वहिनी, सगळ्यांना नमस्कार.

भगीरथ


म्हसा
१० सप्टेंबर

चि. भगीरथ,

हे माझ्या हातचं हाय. समजून वाच. रुपालीला लिवायला सांगायचं तर तोंडानं बोलावं लागलं असतं. नि मला बोलायची बंदी हाय. लिवायची नाय असं कोणी म्हटलं नव्हतं. ही पळवाट हाय ते देवाला पण कळतं.

देव विकले नाय. देव माझ्या घरात हायेत. पाचही.

जप्तीच्या आदल्या दिवशी उजाडायच्या आत नवशा मामंजी आले. धोतराच्या तुकड्यात देव बांधलेले. आमच्या मामंजींनी ते नाचणीच्या कणगीत खाली घातले. नवशा मामंजींनी त्यांना देवांवर हात ठेवून शपथ घालायला लावली. म्हटले, मी येऊन मागेन तवा दे, तवर कोणाला बोलायचं नाय, बोललास तर कोर्ट देव पण नेईल नि तुला पण. मग कोर्टात जाऊन विकले म्हणून सांगितलं. भावाचं नाव आलं नाय पायजे म्हणून.

नि ते मागायला आलेच नाय.

मामंजी शपथेला बांधलेले. सोडवणारा मेला. लोक ओट्यावर बसून देवविक्या म्हणायचे, मामंजी आत बसून ऐकायचे. दिवाळीला तुझी आजी ठमी आली, पोर कडेवर. म्हटली, भावोजी, देव कोणाला विकले तेवढं तरी सांगा, एखादा परत मिळतो का बघते. मामंजी म्हटले, ठावं नाय. ती पाणी न पिता गेली. हे मामंजींनी मरताना मला सांगितलं. रडत होते. म्हटले, देव कोणाचे ते घरात एकाला ठावं पायजे. नि माझा पण हात देवांवर ठेवून घेतला.

त्याला त्रेपन्न वर्सं झाली. मी दुसऱ्याचे देव पुजले. माझ्या घरात धान झालं, पोरं झाली, नि तिकडं तुमच्या घरात सुपाऱ्या.

तुझं पयलं पत्र आलं तवाच लिवायला पायजे होतं. भ्याले. मग तू लिवलंस की कोर्ट देव नेतच नाय. ते वाचलं नि मी देवांसमोर जाऊन बसले. दोघा भावांना ठावं नव्हतं रं. सरळ दाखवले असते तर काय झालं नसतं. आपल्याच देवांना चोरासारखं लपवून बसले.

भावोजींना सांग. लगेच सांग. दशमीच्या आत सांग. पान वाढायला सांग. देव घेऊन जा, तुमचे हायेत.

बाईजा


म्हसा
२३ सप्टेंबर २०२५

भगीरथभाऊजींना रुपालीचा नमस्कार.

मोठे मामंजी, म्हणजे तुमचे बाबा, गेल्याचा तुमचा फोन यांनी घेतला तेव्हा मी जवळच उभी होते. हे तुमच्याकडे निघाले, पण नंतर दोघांमध्ये काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मला जे लिहायचं आहे ते यांनाही माहीत नाही.

सासूबाईंचं पत्र त्यांनी दहा तारखेला चिकटवून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, उद्या मुरबाडला जाशील तेव्हा टाक. त्यांनी कधी स्वतः पत्र लिहिलं नव्हतं. मी अंगणवाडीत जाऊन वाफेवर ते उघडलं. आजवर दुसऱ्याचं पत्र मी उघडलेलं नाही, माझ्या आईची शपथ. उघडलं आणि वाचलं. आणि टाकलं नाही.

भाऊजी, बावीस वर्षं झाली मला या घरात येऊन. त्या देवांना दिवा मी लावते. माझी मुलगी अपेक्षा पोटात होती तेव्हा सात महिने डॉक्टरांनी उठू दिलं नाही, मी देव्हाऱ्यासमोर गादी टाकून पडून होते. पाचांपैकी एकाचं नाक झिजलंय, ते माझ्या हाताने झिजलंय. घट बावीस तारखेला बसायचे होते. मला वाटलं, एवढं नवरात्र होऊ दे. मग टाकते. देव काय कुठे पळून जात नाहीत.

कपाटात पोरांच्या खाऊच्या पाकिटांखाली ठेवलं. सासूबाई रोज विचारायच्या, "पोचलं असंल का गो?" मी म्हणायची, पोचलं असेल. सोळा तारखेला सकाळी त्यांनी स्वतः पान वाढून कौलावर ठेवलं. नवशा मामंजींचं, आमच्या घरातून पहिल्यांदाच. कावळ्याची वाट बघत उन्हात बसल्या. म्हणाल्या, "आज उंबरमाळीला पण पडलं असंल. नव्वद वर्सांचं लेकरू आज बापाला वाढत असंल." तेव्हा मला राहवलं नाही. तशीच मुरबाडला गेले आणि स्पीड पोस्ट केलं.

मोबाइलवर दाखवतं, एकोणीस तारखेला मिळालं. मोठे मामंजी गेले सतराला.

मी हा नंबर दिवसातून दहा वेळा बघते. तारीख बदलत नाही.

सुतकामुळे आमच्याकडे घट बसलेच नाहीत. ज्याच्यासाठी थांबवलं तेही झालं नाही. सासूबाई म्हणतात, भावोजी सुखाने गेले, बापाला वाढून गेले. त्यांना अजून काही कळलेलं नाही. तुम्ही काय ते कळवा. मला तोंड नाही.

रुपाली


उंबरमाळी
३० सप्टेंबर २०२५

ती. बाईजाकाकींना भगीरथचा नमस्कार.

काल तेरावं झालं. आज पहिलं पत्र तुम्हाला.

तुमचं पत्र पंधरा तारखेला, सोमवारी दुपारी मिळालं. मी कामावरून नुकताच आलो होतो. हात धुऊन लगेच वाचायला बसलो. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तुम्ही 'देव विकले नाय' लिहिलं आहे तिथे पोचलो तेव्हा त्यांनी हळूच मान वळवली. म्हणाले, "परत वाच." पाळण्याच्या वेळी म्हणाले होते तसंच. मी तीन वेळा वाचलं.

धाऊआजोबांवर रागावले नाहीत. म्हणाले, "चुलत्यानं शपथ पाळली. माझ्यासारख्यानं काय केलं असतं?" ठमीआजी पोर कडेवर घेऊन आली होती ते ऐकून डोळे पुसले. तुमच्याबद्दल म्हणाले, "तिनं आमचे देव उपाशी नाय ठेवले. तिला सांग."

दुसऱ्या दिवशी दशमी. त्यांना उशी लावून बसवलं. केळीच्या पानावर भात, वरण, वडे आणि भोपळ्याची भाजी होती. हात धरून मी मदत केली, पण वाढलं त्यांनी. दोन पानं वाढली, एक बापाचं, एक चुलत्याचं. मी ती अंगणात ठेवली. कावळ्याने फार वेळ लावला नाही.

बुधवारी पहाटे गेले. शांत गेले.

देवांचं म्हणाल तर पौषात जत्रेला येईन. घरचं कोणीतरी येऊन मागायचं राहिलं होतं, ते येऊन मागेल. तोपर्यंत ते आहेत तिथेच राहू देत. तुम्ही आता गुडघे टेकून घासत बसू नका, वहिनींना घासू द्या. आणि मनाला काही लावून घेऊ नका. तुमचं पत्र वेळेवर पोचलं.

तुमचा,
भगीरथ


उंबरमाळी
३० सप्टेंबर २०२५

रुपालीवहिनी,

हे पत्र मुद्दाम अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवतो आहे. वाचून झालं की चुलीत घाला.

काकींना मी वेगळं लिहिलं आहे. ते तुम्हाला वाचून दाखवावं लागेल, किंवा त्या स्वतः चष्मा लावून वाचतील. त्यात लिहिलेली पंधरा तारीख खोटी आहे. पानं खोटी आहेत. कावळाही खोटा आहे. काकींनी विचारलं तर अकरा तारखेलाच टाकलं, असं सांगा. स्पीड पोस्टची पावती असेल तर फाडून टाका आणि मोबाइलवर तो नंबर पुन्हा बघू नका.

मी बाबांना एक खरा कागद वाचून दाखवला होता, वहिनी. शिक्का होता, सही होती, शपथेवरचा होता. त्याने काय केलं ते तुम्ही वाचलंच आहे. नवशाआजोबा कोर्टात 'विकले' म्हणाले तेव्हा त्यांना कसं वाटलं असेल, हे काकींना पत्र लिहिताना मला थोडं कळलं.

तुमच्यावर मी रागावलो होतो. खोटं कशाला सांगू? तुमचं पत्र वाचून मी रुळावर निघालो आणि दोन किलोमीटर रूळ धरून ठेवणारी एकही चावी न तपासता चालत गेलो. मागे फिरून सगळं पुन्हा तपासलं. तेवढ्या वेळात राग संपला. सात महिने ज्यांच्यासमोर पडून काढले ते देव एका पत्रावर सोडून द्यायचे, हे मला तरी जमलं असतं का, माहीत नाही. आणि तुम्ही अकराला टाकलं असतं तरी पत्र पोचायला, मला वाचायला, त्यांना ऐकायला किती वेळ मिळाला असता, हे देवाला ठाऊक. तुम्हाला जे लागायचं ते लागणारच आहे. त्यात मी भर घालत नाही.

पौषात देव न्यायला येईन तेव्हा रिकामा येणार नाही. आमच्या देव्हाऱ्यातल्या पाच सुपाऱ्या घेऊन येईन. ठमीआजीने मांडल्या, बाबांनी आणि आम्ही पुजल्या. नव्वद वर्षं दिवा पाहिलाय त्यांनी. त्या तुम्ही तुमच्याकडे ठेवा. घासाव्या लागत नाहीत.

आता दशमीला खरं काय झालं ते सांगतो. कोणाला तरी सांगायला हवं, आणि तुमच्याशिवाय कोणाला सांगू?

त्या दिवशी पान वाढलं गेलं नाही. बाप हयात असताना मला वाढता येत नाही, आणि बाबांना मी विचारलं नाही. दुपारी त्यांना उठवून बसवलं, ताटलीत मऊ भात दिला. आपल्या हाताने जेवायचा त्यांचा हट्ट असायचा. म्हणाले, "आज दशमी ना?"

मी म्हटलं, "हो."

मग पहिला घास घेतला तो तोंडाकडे गेलाच नाही. ताटलीच्या कडेवरून खाली जमिनीवर गेला. त्यांचा हात थरथरायचा, रोजच भात सांडायचा. मी उचलायला वाकलो, तर म्हणाले, "राहू दे."

मी वाकू नये म्हणून म्हणाले, की तो घास तिथे असावा म्हणून, मला कळलं नाही. विचारायला हवं होतं. पहाटे ते गेले.

रोज सांडलेला भात मी लगेच पुसून घेत असे. त्या दिवशी घेतला नाही. संध्याकाळपर्यंत मुंग्यांनी तो सगळा नेला.

भगीरथ